नकाशात माझ्या जागी चार मोटारसायकली

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. बारामतीहून इंदापूरला जाताना लागतं, एवढं बास. अजून मला तिथंच राहायचंय आणि तिथल्याच नळाचं पाणी प्यायचंय.

गावाला नगरपालिका आहे, आणि रस्त्याला लागून आबांची तीन मजली बिल्डिंग आहे. आबा म्हणजे उसाचे मोठे बागायतदार. नियमाप्रमाणं त्यांनी खालचा सगळा मजला नकाशात पार्किंग दाखवला. दाखवायला काय जातंय! त्याच पार्किंगच्या कोपऱ्यात माझं शिवणकामाचं दुकान होतं. दोन पत्रे, एक पडदा, एक आरसा आणि मोटर लावलेली माझी मशीन. लोकांच्या साड्यांना पिको-फॉल करून करून घेतलेली. तिच्यावरच माझं घर चालायचं. पण नकाशात मी नव्हतेच. एकदा आबांनी तो उलगडून दाखवला तेव्हा मी स्वतःला शोधत बसले. माझ्या जागी चार मोटारसायकली काढल्या होत्या, अगदी पट्टीनं.

त्या साली नगरपालिकेला एकदम दोन झटके आले. पहिला असा की पार्किंग मोकळं नसेल तर बिल्डिंगला भोगवट्याचा दाखला नाही. दाखला नाही म्हणजे आबांना वरचे गाळे विकता येणार नाहीत. दुसरा झटका बायकांच्या भल्याचा. बाईचं चालू दुकान असेल तर तिला परवाना आणि पालिकेच्या नव्या संकुलात हक्काचा गाळा. अट एकच, योजनेच्या मॅडम येऊन चालू दुकान डोळ्यांनी बघणार. मी अर्ज केला. स्वतःचा गाळा, वर स्वतःच्या नावाची पाटी! पाटीचा रंगसुद्धा मी ठरवून ठेवला होता.

पालिकेची जीप एकच, त्यामुळं दोन्ही तपासण्या एकाच दिवशी ठरल्या. सकाळी पार्किंगचे साहेब, दुपारनंतर योजनेच्या मॅडम. म्हणजे सकाळी मी नसायचं आणि दुपारी असायचं. आली का पंचाईत!

आबा म्हणाले, "पोरी, घाबरती कशाला? माझी रिकामी ट्रॉली हाय की. सामान तिच्यात टाक, वरनं ताडपत्री. पार्किंगमदी ट्रॉली हुबी दिसली म्हंजी साहेब बी खूश. ते गेलं की पुन्ना मांड तुजं दुकान."

युक्ती मला पटली. पत्रे जिन्याखाली गेले आणि मशीन ट्रॉलीत. साहेब आले, ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "वा! शेतकरी असून काय शिस्त!" ताडपत्रीखाली काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. विचारायचं नसतं ते त्यांना बरोबर कळत होतं.

पण आमच्याकडं पाहुणा म्हटला की जेवल्याशिवाय सोडायचा नाही. मग तो आपली बिल्डिंग पाडायला का आलेला असेना. आबांनी साहेबांना घरी नेलं, आणि बाजरीच्या भाकरी थापायला मला बोलावलं. मॅडमना अजून अवकाश होता, म्हणून गेले. साहेबही असे जेवले, की जणू दाखला त्या भाकरीतच गुंडाळलाय आणि पापुद्रे सोडवत बसलेत. ढेकर देऊन ते उठले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

पार्किंगमध्ये येऊन बघते तर ट्रॉली नाही! अगं बाई, माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आबांच्या ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, टोळीचा ऊस तोडून पडला व्हता. ट्रॉली रिकामीच दिसली, मग नेली. भरून कारखान्यात बी आलो."

"अरे मुडद्या, आत माझी मशीन आहे!"

पलीकडं फोन दुसऱ्याच्या हातात गेला. मग ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा आवाज आला, "आमी बघितली की ताई. पर आमास्नी वाटलं, मालकानं वजन वाढवायला ठिवलीया. म्हून कुणी काय बोललं न्हाय. वरनं नीट ऊस रचला."

आता काय म्हणावं या लोकांना? ताडपत्रीखाली काही झाकलेलं दिसलं की मालकाचीच काहीतरी भानगड असणार, हा इथला शहाणपणा. आणि मी तरी कुठल्या तोंडानं बोलू? भानगडच होती ती.

मॅडम यायची वेळ झाली होती. थांबावं तर मशीन जाणार, जावं तर गाळा जाणार. कारखान्यात जिथं गाड्या रिकाम्या होतात त्या जागेला गव्हाण म्हणतात. एकदा ऊस गव्हाणीत पडला की त्याचा चोथाच बाहेर येतो.

आबा म्हणाले, "तू जा पळत. मॅडमचं मी बघतो. लेकीसारखी हायस तू मला."

मी रिक्षा केली. कारखान्याच्या आवारात काट्यावर वजन होऊन ट्रॉली रांगेत लागली होती. जन्मात पहिल्यांदा माझ्या मशीनची कुठंतरी नोंद झाली, ती ऊस म्हणून. ड्रायव्हर, मुकादम आणि मी, तिघांनी मोळ्या उपसल्या. मशीन निघाली. चाक मोडलेलं, मोटरीत पाचट गेलेलं, सगळं अंग रसानं चिकट. मी तिला धरून तिथंच रडले. मुकादम बिचारा पाणी घेऊन उभा होता.

संध्याकाळी परत आले तर जीप गेलेली. दुसऱ्या दिवशी मी पालिकेत मॅडमकडं गेले आणि घडलं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "बाई, मी आले तेव्हा तिथं काहीच नव्हतं. मालकांना विचारलं. ते म्हणाले, हितं असलं दुकान कधी नव्हतंच."

तेवढं बोलायला आबांना काय लागलं? काही नाही. साहेबांचा दाखला खिशात होता. दुकान होतं म्हटलं असतं तर तो दाखला गेला असता. मला हे सगळं समजतं. तरी लेकीसारखी म्हणायची काय गरज होती, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

पुढं पालिकेनं आदर्श पार्किंग म्हणून आबांच्या घरपट्टीत सवलत दिली. आबा स्वतः सांगायला आले. "माज्या मनात काय न्हाय गं. पर जागा कायम मोकळी ठिवायची, अशी अट घातलीया त्येंनी."

मी म्हटलं, "आबा, सामान न्यायला ट्रॉली तेवढी पाठवा. या खेपेला टोळीला सांगून ठेवा."

आता मी घरीच शिवते. मशीनला नवं चाक बसवलंय, ते कुरकुरतं. आबांनी पार्किंगला साखळी लावलीय. जागा मोकळी ठेवायची अट ना, म्हणून कुणालाच गाडी आत लावू देत नाहीत. लोक बाहेर रस्त्यावर लावतात. बाजाराला जाताना मी त्या गाड्यांमधून वाट काढते आणि साखळीपलीकडं माझा कोपरा दिसतो. झाडून लख्ख केलेला, रिकामा. आबा साखळीजवळच्या खुर्चीवरून हाक मारतात, "कसं चाललंय पोरी?" मी म्हणते, "मी हितं कधी नव्हतेच की, आबा."