राणीचा एक्स-रे

आमच्या मुलुंडच्या घरमालककाकांइतका चोखंदळ मुलीचा बाप मी आजवर पाहिलेला नाही. मुलगी म्हणजे राणी, त्यांची अल्सेशियन कुत्री. बी.कॉम. होऊन बँकेच्या नोकरीसाठी मी गावाहून मुंबईत आलो, तेव्हा काकांनीच मला राहायला खोली दिली. ते उपकार मी विसरणार नाही. खोली देताना त्यांनी एवढंच विचारलं, "कुत्र्याला भितोस?" मी घाबरत 'हो' म्हणालो. "झकास! म्हणजे चोरून बिस्किटं घालून तिला बिघडवणार नाहीस."

गिरणीतून निवृत्त झाल्यापासून काकांना एकच ध्यास होता, राणीची निरोगी पिल्लं. कुणी आपला कुत्रा दाखवायला आणला, की माणसाला पाणी विचारायच्या आधी ते कुत्र्याचे दात बघत. मग त्याला अंगणात चालायला लावून स्वतः मागे उकिडवे बसत आणि चाल न्याहाळत. "बाप म्हातारपणी लंगडत होता का?" असं एकांना विचारलं, तर ते गृहस्थ गोंधळून म्हणाले, "नाही हो, त्यांना फक्त मधुमेह होता."

एकदा घाटकोपरचे एक कापडव्यापारी आपला राजबिंडा नर घेऊन आले. सोबत वंशावळीचा कागद आणि पेढे. "कागद राहू द्या," काका म्हणाले. "खुब्याचा एक्स-रे आणलात? सांध्याची वाटी उथळ असली तर ते पिल्लांत उतरतं." व्यापारी हसले, मग चिडले आणि नकार घेऊन उठले. पण गडी जिद्दीचा. थोड्याच दिवसांत खरोखरच एक्स-रे घेऊन हजर! काकांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. "एक नंबर!"

"आता तुमच्या राणीचा दाखवा," व्यापारी म्हणाले.

राणीचा काकांनी काढलाच नव्हता. आपल्या मुलीत खोट असेल असं कुठल्या बापाला वाटतं?

परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेऊन तिचा एक्स-रे काढला. दोन्ही वाट्या उथळ निघाल्या. काकूंनी तर पिल्लांसाठी गोधडी शिवायला घेतली होती. त्या म्हणाल्या, "अहो, चांगली धावते की ती! त्यांना सांगा, ठीक आहे म्हणून. कोण बघायला येतंय? एकदाच होऊ दे ना."

काकांनी ती गोधडी उचलून मांडीवर घेतली. मला वाटलं, विरघळले.

"मला पण हवीत गं," ते म्हणाले. "पण माझ्या हौसेपायी पिल्लांनी जन्मभर लंगडायचं?"

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ते घाटकोपरला गेले. राणीचा एक्स-रे व्यापाऱ्यांच्या हातात देऊन म्हणाले, "तेव्हा मी नकार दिला होता. आज घ्यायला आलोय." व्यापाऱ्यांनी चहा मागवला.

त्यानंतर आमच्या अंगणात कुणाचा कुत्रा आला नाही. संध्याकाळी काका राणीला फिरवत, तिच्याच चालीनं, तिचे खुबे जपत, मध्ये मध्ये थांबत. कुणी विचारायचं, "काय हो, पिल्लं कधी?" काका तिच्या कमरेवरून हात फिरवत. "ही आहे ना," म्हणत. "चल गं, सावकाश."