मोठेबाबांचा नेम

मोठेबाबा नेम धरताना डोळा मिटत नसत. दोन्ही डोळे उघडे, तोंडातली सुपारी थांबलेली आणि छर्ऱ्याची बंदूक खांद्याला. कुणी विचारलं तर म्हणायचे, "एक डोळा बंद केला त घूस दिसते, पण घुशीमागचं घर दिसत नाही."

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अड्याळला त्यांचा हातमाग होता. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, रेशमाच्या कोशातून धागा काढायची, ते विणायचे. मागच्या कोठीत कोसे भरलेले असत आणि आतल्या किड्याच्या वासाने घुशी यायच्या. घुशीने कोसा कुरतडला की धागा तुटत निघतो. विष टाकावं तर ती कोशांच्या ढिगातच मरते आणि वास मालाला लागतो. म्हणून बंदूक. आजूबाजूचे विणकरही कोठीत खुडबुड ऐकू आली की त्यांनाच बोलवायचे. त्या बोलावण्याचा त्यांना कोण अभिमान! हातातला घास टाकून उठायचे.

पण बंदूक आधी कागदावर धरायची, मग जिवावर, हा त्यांचा नियम. कोंड्याच्या पोत्याला जुन्या कॅलेंडरचं पान लावत आणि त्यावर कुंकवाचा टिळा काढत. मोठीआई ओरडायची, "अजी, माह्या करंड्यातलं कुकू घुशीच्या कामाले नाही!"

"मंग का हळद लावू? लगन नाही लावून राहिलो तिचं."

कोठीत घूस जितक्या लांब दिसते, तितक्याच लांब ते कागद ठेवत. मी म्हटलं, आणखी मागून मारून पाहा की. तर म्हणाले, "तमाशा दाखवाचा असन त मंडईच्या जत्रेत फुगे फोडीन. मले कोठीत माराचं आहे." छर्रे आधी ताटात घरंगळवून पाहायचे. वाकडा जाणारा छर्रा बाजूला पडायचा.

बंदूक धरायची त्यांची रीत मला कधीच साधली नाही. पुढचं लाकूड ते उघड्या तळहातावर नुसतं टेकवायचे, मूठ आवळत नसत. "दाबू नको बाबू. स्प्रिंग सुटली का ते उसळतेच. उसळू दे तिले. ते दर बारीले सारखीच उसळते, तूच कवा जास्ती दाबतेस, कवा कमी." माझे छर्रे नेहमी टिळ्याच्या उजवीकडे जात. मी बंदुकीवरच्या नेम धरायच्या खाचेला दोष द्यायचो. "खाच बराबर आहे. तुहा हात बराबर नाही. त्या स्क्रूले बोट लावजो नको."

माझं लाखनीला कापडाचं दुकान आहे. सुटीच्या दिवशी मी अड्याळला जायचो. अशाच एका दिवशी सकाळी त्यांनी कागद मारून बंदूक तपासली आणि जेवून आडवे झाले. मी बंदूक काढली. छर्रा पुन्हा उजवीकडे. माझ्यासारख्या, डोक्यावर पांढरे केस असलेल्या माणसाला यावा त्याहून जास्त राग मला आला. मी पेचकस घेतला, स्क्रू फिरवला आणि खाच सरकवली. पुढचा छर्रा टिळ्यात बसला. त्या खुशीत मी बंदूक खुंटीला टांगली आणि चहाला बाहेर गेलो. स्क्रू नंतर फिरवून ठेवू, असं म्हणून.

परत आलो तेव्हा मोठीआई हाका मारत होती, "कोठीत घूस शिरली जी!" मोठेबाबांनी बंदूक उचलली. मी त्यांच्या मागे दारातच होतो. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं. पण पोरासारखी बोलणी बसतील या लाजेने मी गप्प राहिलो. छर्रा घुशीच्या मागच्या पायात बसला. ती किंचाळत, फरफटत टोपल्यांखाली गेली. "माराचं त एकाच छर्ऱ्यात, नाही त मारूच नये," म्हणणाऱ्या माणसाने एकेक टोपली स्वतः हलवली, तिला शोधलं आणि संपवलं. मग हात धुवायला गेले. ते हात धूत असताना मी स्क्रू होता तसा फिरवून ठेवला.

खाच सरकवली ती रागाच्या भरात. परत फिरवली ती मात्र पूर्ण विचाराने.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा कागद लावला. सगळे छर्रे टिळ्यात. ते त्या कागदाकडे पाहत राहिले. "बंदूक बराबर आहे," म्हणाले. "कागदावर हात कापत नाही. जीव दिसला का कापते. झालं आता माहं."

मी शेजारीच उभा होतो.

बंदूक तेल लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेली. शेजाऱ्यांना ते सांगू लागले, "पिंजरा लावा." हळूहळू कुणी बोलवेनासं झालं. मग त्यांनी लुगड्याचे काठ दुसऱ्याकडून विणून घ्यायला सुरुवात केली. मग सायकल सोडली. प्रत्येक वेळी कारण एकच, "हाताचा भरवसा नाही."

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हसले.

"बाबू, माहं मन राखाले इतकं खोटं बोलतेस?"

"खोटं नाही जी. खाच मीच सरकवली होती."

"काहून सांगतेस? दुसऱ्या दिवशी मी कागद मारून पाहिला ना. खाच बराबर होती."

"ती मीच परत फिरवली होती, मोठेबाबा!"

"घ्या! आता हे बी." त्यांनी मोठीआईला हाक मारली. "अवो, पाह्य वो, पोरगा किती जीव लावते मले." मी माळ्यावरची बंदूक काढतो, दाखवतो म्हणालो. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. त्यांचा तो हात जराही कापत नव्हता. मी तेही सांगितलं. ते पुन्हा हसले.

पावसाळा संपता संपता ते गेले. तेरवीच्या पंगतीत मोठीआई स्वतः वाढत होती. माझ्या पानापाशी थांबून ती पाहुण्यांना म्हणाली, "यानं पाहा, त्यायचं मन राखाले सारा दोस आपल्या अंगावर घेतला. पोटचा पोरगा नाही करत इतकं." पाहुण्यांनी माना डोलावल्या. तिने माझ्या भातावर आणखी वरण वाढलं.

मी मान खाली घालून जेवलो.