काकांच्या मांडीचा नमुना

शुगर झाल्याचा इतका अपमान वाटलेला माणूस अख्ख्या नाशकात दुसरा झाला नसेल. माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका, अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखे. चहा बिनसाखरेचा. पंगतीत जिलबी आली की पानावर आडवा हात. आणि पस्तिशीतच त्यांना मधुमेह निघाला! गंगापूर रोडला सकाळी फिरताना कुणी "काका, गोड जरा कमी करा," म्हटलं की ते त्याला तिथेच थांबवून जन्मापासून न खाल्लेल्या पेढ्यांची यादी ऐकवायचे. एकदा त्या यादीपायी शेजारचे वकील कोर्टात उशिरा पोचले.

पुढे मी एका प्रयोगशाळेत लागले. तिथे मधुमेहींच्या स्नायूंवर काम चाललं होतं आणि मांडीतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढू देणारी माणसं हवी होती. मी घरी सहज बोलले, तर दुसऱ्या दिवशी काका कडक इस्त्रीची पँट घालून हजर. "दोन्ही मांड्यांतून घ्या, ताळा करायला बरं पडेल." एकाच मांडीतून घेतला, पण आठवडाभर ते दोन्ही पायांनी लंगडले.

काही महिन्यांनी आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं. इन्सुलिन स्नायूला साखर आत घ्यायला सांगतं. तो निरोप घेणारे रिसेप्टर सगळ्यांचे सारखे नसतात, आणि काकांचे जरा वेगळे दिसत होते. "पण शुगर तेवढ्यानंच होते असं नाही हं. चालणं सोडू नका." काकांनी 'वेगळे' एवढंच ऐकलं. रिक्षात माझ्याऐवजी रिक्षावाल्यालाच सांगत होते, "दोष स्नायूंचा निघाला, बरं का!"

घरी आल्यावर चपला न काढताच ते स्वयंपाकघरात गेले. मावशी तांदूळ निवडत होती. "अगं, रिपोर्ट आला. तुझ्या हातच्या स्वयंपाकाचा काही संबंध नाही." मला काही कळेना. मावशी ताटाकडे बघतच म्हणाली, "सासूबाई म्हणायच्या ना, सुनेच्या हातचं खाऊन माझ्या लेकाला रोग लागला. चार पाहुण्यांसमोर म्हणायच्या." मग काकांकडे बघून म्हणाली, "त्यांना कळायला हवं होतं हो."

सासूबाई जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

आता काकाही नाहीत. त्यांच्या बोलण्याच्या कितीतरी गोष्टी मी सांगते, पण त्या दुपारी ते तिच्याशेजारी फरशीवर बसले, ताट थोडं आपल्याकडे ओढलं आणि खडे शोधू लागले. काकांना इतका वेळ गप्प बसलेलं मी तेव्हाच पाहिलं.