झाकून ठेवलेली भाकर

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजावरचं, भाकरीवर झाकलेलं पांढरं कापड दिसलं, की मला येलहंका स्टेशन आठवतं. त्या रविवारी स्मृती गेलेले माझे वडील, सगळ्यांचे अण्णा, उपासनेतून कधी उठून गेले, मला कळलंच नाही. रिकामी जागा पाहून मी ओरडलो. पाळकसाहेबांनी भाकर पुन्हा कापडाखाली झाकली, "अण्णा आल्याशिवाय मोडायची नाही," असं मंडळीला सांगितलं आणि झग्यासकट माझ्या स्कूटरवर बसले. बाजार झाला, दवाखाने झाले. रिक्षावाल्यांना फोटो दाखवून झाला. शेवटी बाबा दिसले ते फलाटाच्या टोकाला, रुळांवर पाय सोडून बसलेले. मी धावत जाऊन हात धरला, तर त्यांनी झिडकारला. "कोण रे तू? सोड!" लांबून गाडीची शिट्टी आली. मी रडायलाच लागलो. पाळकसाहेब त्यांच्याशेजारी खाली बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अण्णा, भाकर तुमच्यासाठी थांबलीय." बाबा लगेच उठले. "मग आधी नाही का सांगायचं?" आम्ही परतलो तेव्हा मंडळी तशीच बसून होती. बाबांनी मला पुढे कधीच ओळखलं नाही. आता ते नाहीत. कापड उचलण्याआधी पाळकसाहेब आजही बाकांवरून नजर फिरवतात. मीही माणसं मोजतो, आणि दर वेळी एक कमी भरतं.