मूकपटात बोललेले सोपानतात्या

अत्यंत गांभीर्याने, पूर्ण शुद्धीत, आणि चष्म्याचा नंबर नुकताच तपासून घेतलेला असताना मी, जळोचीचा रहिवासी, वय वर्षे त्रेपन्न, या सदराच्या तमाम वाचकांसमोर जाहीर करतो की बारामतीत, भर दुपारच्या शोला, एसी चालू असताना, एक वारलेला माणूस पडद्यावर येऊन बोलला. आणि तोही मूकपटात!

हसा. मीही हसलो असतो. चकवा, भानामती, पांढऱ्या साडीतली बाई... या सदरातलं सगळं मी चहाबरोबर खारी खावी तसं वाचतो आणि विसरतो. लग्नात, सत्कारात माईकवर बोलणं हा माझा उद्योग. ऐन वेळी माईक बंद पडला की माझी गाळण उडते, बाकी कशालाही मी भीत नाही.

आता पात्रपरिचय. माझे चुलते, म्हणजे आबा. वय चौऱ्याहत्तर. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली, तीही ऊस गाळणाऱ्या रोलरपाशी. ते रोलर फिरायला लागले की शेजारी उभ्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज काढायच्या भानगडीतच पडत नाहीत. तोंड मोठं उघडून नुसते ओठ हलवायचे, समोरचा ते वाचतो. आबांच्या समोर, रोलरच्या पलीकडे असायचे भिगवणचे सोपानतात्या. तीस सीझन या दोघांनी अशाच गप्पा मारल्या. त्यात आबांचे कान गेले, पण ओठ वाचायची विद्या राहिली. कितीही लांबून, कुणाचेही! आमच्या घरात सुना आबांसमोर पुटपुटतसुद्धा नाहीत.

गेल्या वर्षी सोपानतात्या वारले. त्या दिवशी आबा दवाखान्यात गेले होते. तात्यांनी त्यांच्याकडे बघून बराच वेळ ओठ हलवले... पण तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आतून वाफेनं पांढरा झालेला. तीस वर्षांत पहिल्यांदा आबांना तात्यांचं बोलणं वाचता आलं नाही. संध्याकाळी तात्या गेले.

तेव्हापासून आबांचं एकच चालू.

"काय म्हणला आसंल रं त्यो?"

"'येतो आता' म्हणाले असतील, आबा," मी ओठ मोठे हलवून सांगायचो.

"त्येवढ्याला दोनदा ओठ हालत्यात. त्यो लई येळ बोलला."

जेवण निम्म्यावर आलं. माणसांत बसणं बंद झालं. भिगवणला, तात्यांच्या घरी, तर ते जाईचनात. "वैनीनं इचारलं, शेवटचं काय म्हणले, तर काय सांगू?" 

अशात हा सिनेमा आला. आजच्या काळातला, नवा कोरा, पण मुद्दाम मुका केलेला. काळापांढरा, नुसतं संगीत, आणि अधूनमधून पडद्यावर चार शब्दांची पाटी. मी आबांना म्हटलं, "चला, या सिनेमापुढं सगळेच तुमच्यासारखे बहिरे!"

आबांनी मला खालून वर न्याहाळलं. "तू गप बसशील दोन तास? चल मग, त्येच बघाया येतो."

थिएटरात आम्ही धरून अकरा माणसं. आणि काय सांगू तुम्हाला, त्या शांततेला वजन होतं! कुणी पॉपकॉर्न चावलं तरी त्यालाच लाज वाटत होती. नायकानं एक भुवई वर केली आणि अख्ख्या थिएटरानं श्वास रोखला. मी, बोलण्यावर पोट भरणारा माणूस, आ वासून बघत होतो. आपण आजवर फुकट बडबडलो, असंही क्षणभर वाटून गेलं. (क्षणभरच.)

मग आबा सुरू झाले.

नायिका स्टेशनात नायकाला बिलगली. पाटी आली, 'तुझ्याशिवाय मी जगू शकणार नाही.' आबा माझ्या कानात कुजबुजले. आता आबांची कुजबुज म्हणजे, त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे, थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी. "ती म्हणतीया, चप्पल चावतीया, उरका लवकर!"

थिएटर फुटलं! पुढच्या प्रसंगात नायकाचे वडील अंथरुणावर शेवटचे श्वास घेत होते. आबा म्हणाले, "म्हातारा इचारतोय, दुपारच्याला जेवायला काय हाय." मागच्या बाई उठून आमच्या रांगेत येऊन बसल्या. "काका, आता हिरो काय म्हणाला?" मध्यंतरापर्यंत उरलेली नऊही डोकी आमच्याभोवती.

मध्यंतरानंतर कारखान्याचा प्रसंग आला. मोठमोठी चाकं, कामगारांची गर्दी. आणि आबांनी एकदम माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की घड्याळाचा पट्टा रुतला. त्यांचे स्वतःचे ओठ हलत होते, समोरच्याच्या मागोमाग वाचल्यासारखे. मला दिसला तो मागं, यंत्रापलीकडं, टोपी घातलेला, फडक्यानं हात पुसणारा कुणीतरी. सहा-सात सेकंद असेल. प्रसंग बदलला.

"काका, तो काय म्हणाला?" बाईंनी विचारलं. आबांची नजर पडद्यावरून हलली नाही.

बाहेर पार्किंगमध्ये मोटरसायकलला टेकून उभे राहिले आणि मग म्हणाले, "सोपान हुता. म्हणला, आबा, मला मासं कधी आवडलंच न्हाय. हिरीला सांगू नगंस."

मला हसू आवरेना! हिरी म्हणजे हिराकाकू, तात्यांची बायको. हायवेला त्यांची खानावळ, आणि उजनीच्या पाण्यातली चिलापी त्यांच्यासारखी कुणाला तळता येत नाही. तात्यांच्या डब्यात रोज तीच. आणि तात्या ती रोज आबांपुढं सरकवून आबांचं पिठलं ओढून घ्यायचे.

"मला वाटायचं, जीव लावतोय!" आबा म्हणाले. रागावले होते, की हसत होते, की रडत होते, मला कळेना. तिन्ही असावं. त्या रात्री आबा तीन भाकरी जेवले.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्या शोला गेलो. पुढची रांग. कारखान्याचा प्रसंग आला... टोपी होती, फडकं होतं, माणूसही होता. पण पाठमोरा! सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याचं तोंड भिंतीकडं. मी आणखी दोनदा गेलो. तिकीट खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "यात तुमचं कुणी काम केलंय का, सर?" प्रत्येक वेळी पाठच. मग आबांनी ओठ वाचले कुणाचे?

माझा डॉक्टर मित्र म्हणतो, म्हाताऱ्या माणसाचं मन त्याला हवं ते दाखवतं. मान्य. पण मन एवढी तसदी घेणार, तर चांगलं भारदस्त वाक्य नाही का निवडणार? मासे? आणि तात्यांना मासे आवडत नव्हते, हे तर आबांच्या स्वप्नातही नव्हतं.

त्या रविवारी आबा स्वतःच म्हणाले, भिगवणला चल. 

खानावळीत गर्दी होती. हिराकाकूंनी आबांना बघितलं, डोळ्याला पदर लावला आणि काही न विचारता आधी ताट आणलं. त्यात हातभर चिलापी. "खा भावजी. आमच्या ह्यांचा तर जीव की प्राण हुता."

आबांनी मला कोपरानं ढोसलं. माझ्या कानाला तोंड लावलं, आणि अगदी गुपित सांगावं तसे कुजबुजले, "वैनीला कळू द्यायचं न्हाय हां, सोपानला मासं आवडत नव्हतं ते!"

चार टेबलं जेवायची थांबली. एका ट्रक ड्रायव्हरचा घास हातातच राहिला. ऐन वेळी माईक बंद पडावा तशी माझी गाळण उडाली. आणि आबा? आपण काय केलं याचा पत्ताच नसल्यानं ते शांतपणे काटे काढत बसले होते.

काकूंनी आधी आबांकडं बघितलं. मग भिंतीवरच्या तात्यांच्या फोटोकडं. मग हातातला झारा टेबलावर आपटला आणि अख्ख्या खानावळीला ऐकू जाईल अशा ओरडल्या,

"अगं बया! म्हणून दहाव्याला दोन तास कावळा शिवंना... आन् मी येडी पानात मासंच वाढत बसले!"