डब्यावरचा कागद

कुठलीही वस्तू हातात आली, की ती बाई आधी नाकाशी न्यायची. चहाचा कप, प्रसादाचा शिरा, एकदा तर माझ्या मुलाची लग्नपत्रिकासुद्धा. मग निकाल द्यायची, "इखाचा वास न्हाई. चालतंय."

पलूसच्या माझ्या द्राक्षबागेत ती वीसेक वर्षांपूर्वी कामाला होती. बाकीच्या बाया चिडवायच्या, "नवऱ्याचा तरी वास घेतला व्हतास का गं?" ती म्हणायची, "घेतला की. तंबाखूचा व्हता. चालवून घेतला."

फवारणीच्या औषधाचे पाच लिटरचे डबे रिकामे झाले, की बायांना ते पाण्यासाठी हवे असत. जाड प्लास्टिक, घट्ट झाकण. वरच्या कागदावर विषाचा लाल त्रिकोण असे आणि डबा पुन्हा वापरू नये, अशी सूचना. मी डबे भिजत घालून तो कागद स्वतः खरवडायचो. मालक दिलदार आहे, असं म्हणवून घ्यायला मला आवडायचं. तिला मी सर्वांत चांगला डबा दिला. तीनदा राखेनं घासून, वास घेऊन तिनं तो पास केला.

तिसऱ्यांदा पोट पडल्यावर ती माझ्याकडे आली. खाली बघत म्हणाली, "अण्णा, डाक्तरीणबाई इचारत्यात, पानी कशातनं पितीस. डब्यात काय व्हतं आवं?"

"टॉनिक गं. वेलीचं टॉनिक."

"तसंच सांगती," म्हणाली, आणि विचारल्याबद्दल वर ओशाळली. पुढं सासरच्यांनी तिला वांझ ठरवून आष्ट्याला भावाकडं धाडलं. डबा तिनं बरोबर नेला.

यंदा विश्रामबागेत शेतकऱ्यांच्या बैठकीत एक डॉक्टर सांगत होते, फवारणीची काही औषधं शरीरात जाऊन आपल्याच संप्रेरकांचं सोंग घेतात आणि अंगाला खोटे निरोप देतात. त्यांचा अंश प्लास्टिकमध्ये मुरतो, वास येत नाही. तिचं त्यामुळंच झालं, असं कुणी छातीठोक सांगणार नाही. पण तिच्या डॉक्टरीणबाईंना तसा विचार करायला मी जागाच ठेवली नाही.

आष्ट्याला गेलो. ती गेल्या वर्षी वारली होती. तिच्या भाच्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "आत्याबाईंच्या डब्यातलं हाय. लय गार ऱ्हातंय." तिला सहावा महिना असावा.

मी तांब्या खाली ठेवला. डब्यात काय होतं ते औषधाच्या नावासकट सांगितलं. कागद मीच खरवडला, तेही.

ती डब्याकडं बघत राहिली. "आत्याबाईंना म्हाईत व्हतं?"

"न्हाई," मी म्हणालो. "तिनं विचारलं होतं."