फोटोखालची ओळ

सव्विसाव्या वर्षापर्यंत तिला फोटोग्राफी म्हणजे एवढंच येत होतं: माणसाला स्टुलावर बसवायचं, हनुवटी जरा खाली घ्यायला लावायची, दोन्ही कान दिसतायत ना ते बघायचं आणि "हलू नका" म्हणत बटण दाबायचं. स्टुडिओ आत्याचा. आत्याचं म्हणणं साधं होतं. "माणूस आहे त्याहून थोडा बरा दिसला की परत येतो."

मग तिला एका दैनिकात नोकरी लागली. आत्या चार दिवस धड बोलली नाही.

फोटो विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, ते बोलायला तुसडे होते, पण शिकवताना हात आखडता घेत नसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला फर्निचरच्या गोदामाला लागलेल्या आगीवर पाठवलं. दोनेकशे फोटो काढून ती खुशीत परतली. साहेबांनी ते सावकाश बघितले.

"आग छान आलीये. पण कुठलीही आग अशीच दिसते. ज्याचं जळलं तो कुठाय?"

"तो मागे उभा होता."

"मग तू पुढे काय करत होतीस?"

त्या दिवसापासून ती घटनेकडे पाठ फिरवून माणसांकडे बघायला शिकली. गुडघ्यावर बसायला, खिडकीच्या उजेडात काम भागवायला, आणि मुख्य म्हणजे थांबायला. शिवाय फोटोखालच्या ओळीसाठी वही. नाव, वय, काम, आणि तेही ज्याचा फोटो त्यालाच विचारून. शेजाऱ्याने सांगितलेलं साहेब चालवून घेत नसत.

एकदा चूकही झाली. पुरात घर गेलेली एक बाई मोडक्या दारातून आत डोकावत होती. कॅमेरा सावरेपर्यंत बाई बाजूला झाली, तेव्हा तिने बाईला पुन्हा तसंच उभं राहायला सांगितलं. बाई बिचारी राहिलीही. ऑफिसात तिने स्वतःहून हे सांगितलं, तसा साहेबांनी फोटो बाजूला ठेवला. "हा तू काढला नाहीस, मांडलास," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर तिला परवडलं असतं.

अकरा वर्षांनी दैनिकाने फोटो विभागच बंद केला. बातमीदार आता मोबाइलवर भागवणार होते. आत्याचे गुडघे तोवर कामातून गेले होते. स्टुडिओ सांभाळायला ती परत आली.

सुरुवातीला काही जमेना. पहिल्याच लग्नात तिने नवरीचा बाप मंडपामागे एकटा बसून बूट काढून पाय चोळतोय, असा फोटो काढला. फोटो सुरेख होता, पण घरचे म्हणाले, "स्टेजवरचा एक तरी धड फोटो हवा होता." खूप विचार केल्यावर तिला पटलं की त्यांचं चुकलं नव्हतं. बातमीतला फोटो परक्यांनी बघायचा असतो, हा ज्यांचा त्यांनीच. तेव्हापासून लोक मागतील ते ती आधी काढी आणि मग आपल्या डोळ्यांनी बघायला मोकळी होई.

खुर्च्या बनवणाऱ्या एका सुताराला माहितीपत्रक हवं होतं. पांढऱ्या पडद्यासमोर त्याच्या खुर्च्या मुक्या दिसत होत्या. मग ती अर्धा दिवस त्याच्या कारखान्यात नुसती बसून राहिली. तयार झालेल्या प्रत्येक खुर्चीवर तो स्वतः बसायचा, पाय उचलून धरायचा आणि खुर्ची कुरकुरते का ते कान देऊन ऐकायचा. तेच पहिल्या पानावर गेलं.

आणि मग ते घड्याळवाले आजोबा. त्यांच्या मुलीने घरी बोलावलं होतं. "बाबा आता आम्हाला ओळखत नाहीत," तिने दारातच सांगून टाकलं. "अजून घरात हिंडतायत तोवर सगळ्यांचा एक फोटो हवाय."

सगळे ओळीत बसले. तिने आत्याच्या पद्धतीने झटपट चार फोटो घेतले. आजोबा भिंतीकडे बघत होते. मग दिवे बंद करून ती खिडकीपाशी त्यांच्यासमोर खाली बसली आणि सवयीने वही उघडली.

"आजोबा, काम काय करायचात?"

"घड्याळं दुरुस्त करायचे," मुलगी म्हणाली. "चाळीस वर्षं."

"एक्केचाळीस," आजोबा म्हणाले.

मुलगी उभी होती ती तिथेच बसली.

"सगळ्यात अवघड काम कोणतं असायचं?"

"घड्याळाचं काही अवघड नसतं. गिऱ्हाईक घाईत असलं की अवघड." त्यांनी हात पुढे केला. तिने मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. त्यांनी ते कानाला लावलं, तोंड वाकडं केलं आणि बोटांनी हवेत काहीतरी चाचपलं. मुलगी धावत जाऊन हत्यारांचा डबा घेऊन आली. पुढचा तासभर ते कुणाचेच नव्हते. त्यांनी मागचं झाकण उघडलं, चिमट्याने काहीतरी हलवलं, फुंकर मारली. ती अधूनमधून एखादा फोटो घ्यायची, एरवी गप्प बसून राहायची. झाकण बसवल्यावर मात्र ते पुन्हा भिंतीकडे वळले.

आठवड्याने ती फोटो घेऊन गेली. ओळीतला फोटो मुलीला आवडला, तो भिंतीवर कुठे लावायचा ते तिने लगेच ठरवलं. चिमट्याचा फोटो ती बराच वेळ हातात धरून बसली आणि मग तिने तो वडिलांपुढे धरला.

आजोबांनी मान तिरकी करून नीट पाहिलं.

"याने चिमटा फार मागे धरलाय," ते म्हणाले. "हात थरथरणारच."

"बाबा, ते तुम्हीच आहात."

आजोबांनी पुन्हा एकदा पाहिलं.

"असेन," ते म्हणाले, आणि फोटो परत दिला नाही.